वलगावच्या कूलरांवरील स्वारीची हकीकत

शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरी, ज्येष्ठमासी, वऱ्हाड प्रांत उन्हाने करपला असता, मौजे वलगाव येथे डासांनी कूलरांच्या टाक्यांत ठाणी घातली आणि डेंग्यूचा अंमल बसविला. तो मोडावयास आरोग्यसंवादाच्या फेलोशिपीची सनद घेऊन प्रश्नावलीधुरंधर अबोलीबाई, मोरोपंत वकील अकोलेकर यांची कन्या, स्वार जाहल्या. मसलत अवघड, गनीम अगणित, शिबंदी म्हणावी तर एक स्कूटी. सबब जे घडले ते लिहून ठेविले पाहिजे.

मोरोपंतांची मर्जी अशी की, कन्येने बँकेची परीक्षा देऊन पंख्याखाली बसावे. बाईंचे चित्त लोकांत. मग बहुत रदबदली होऊन तह ठरला की, फेलोशिपीचे दुसरे वर्ष मंजूर जाहले तर पोरीने आपली वाट धरावी, न जाहले तर बँक. पंतांनी परीक्षेचा विटेएवढा जाड मार्गदर्शक ग्रंथ आधीच आणवून देव्हाऱ्याशेजारी ठेविला होता.

तशात अमरावतीहून मार्गदर्शक डॉक्टर रश्मीबाईसाहेब यांचा खलिता ईमेलमार्गे दाखल जाहला की, दोनशे चाळीस घरांपैकी शहाण्णव घरी अळ्या आहेत, त्या घरांची संख्या महिनाअखेर निम्म्यावर न आल्यास दुसरे वर्ष विसरावे.

मग बाईंनी निकराचा हल्ला केला. ‘डासोत्पत्तिस्थानांचे निर्मूलन करा, साठलेले पाणी फेका’ ऐशी चकचकीत भित्तिपत्रके दारोदार वाटली, आणि गावाने ती अदबीने घेतली, आणि एकही कूलर रिता जाहला नाही. किसनराव पाटील यांचा लोखंडी कूलर तर अजिंक्य दुर्ग. त्यांनी ओसरीवरूनच जबाब दिला, “मले काहून सांगून राहिली? कूलर माहा हाये, डासबी माहेच हायेत.” त्यांचे कुटुंब जमुनाबाई यांनी भित्तिपत्रक पाण्याच्या ड्रमावर झाकण म्हणून घातले. अवघ्या मोहिमेत गनिमास अटकाव जाहला तो तेवढाच.

बाई ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या. तेव्हा जमुनाबाईंनी चहा पुढे केला आणि सुनावले, “पोरी, नळ येते चौथ्या दिवशी. तू म्हनतं पानी फेका. मंग बाकीचे दिवस कायनं काढू? तुमच्या अकोल्यात फेकतेत काय?”

बाईंस आपले घर आठवले. अकोल्यास स्वतःच्या घरी नळाची वाट पाहता जन्म गेला. मातोश्री सिंधूबाईंनी पाणी कधी फेकिले नाही. नळ आला की आधीचे पाणी शिळे म्हणून कढीलिंबास घालावे, भांडे घासावे, मग ताजे भरावे, हा घरचा शिरस्ता. आणि फेलोशिपीच्या भाषेपुढे आपण तो साफ विसरलो, याची बाईंना मनस्वी लाज वाटली.

मग उरली भित्तिपत्रके गुंडाळून बाई पुढल्या नळाच्या दिवशी पहाटेच ब्रश घेऊन हजर जाहल्या. त्यांनी घरचा शिरस्ता सांगताच जमुनाबाईंनी बचत गटास हुकूम सोडिला, “कूलरचं पानी शिळं झालं, झाडाले घाला, टाकी घासा, मंग भरा.” शिळे म्हणताच कोणास आणखी सांगावे लागले नाही. किसनराव शेतातून येतात तो दुर्ग आडवा पडलेला, लिंबाचे आळे तुडुंब, आणि कुटुंब टाकीत खांद्यापावेतो शिरलेले. त्यांनी बहुत आरडाओरडा केला, मग धोतर खोचून म्हणाले, “सरक, तुले कोपरे नाई निघत.” ऐसा दुर्ग किल्लेदारासह हस्तगत जाहला.

महिनाअखेर अळ्यांची घरे एकतीस राहिली. रश्मीबाईसाहेबांनी दुसऱ्या वर्षाची सनद धाडली. तेव्हापासून बाईंचा दंडक पडला की, चांदूर बाजार असो वा अचलपूर, आधी तेथील बायांबरोबर पाणी भरावे, मग शब्द लिहावा. या पेशात त्यांचे नाव जाहले ते येणेकरून.

सनद घेऊन बाई अकोल्यास पावल्या तो नळाचा दिवस. मोरोपंत बनियनवर कूलर घासीत होते. सिंधूबाई म्हणाल्या, “तुझं फोनवर ऐकल्यापासून दर नळाला हेच चालू आहे.” कूलरचा एक पाय तोकडा, त्याखाली काही जाड दाबून बसविले होते. बाईंनी वाकून पाहिले, तो बँकेचा ग्रंथ. अर्धा भिजला होता.

पंतांनी मान वर न करिता फर्माविले की, तो तेथून कोणी हलवू नये. येणेप्रमाणे वलगाव व अकोला, दोन्ही ठाणी फत्ते जाहली, हे नमूद असे.