बंडोपंतांच्या गाठी

बंडोपंत माणसाचं तोंड नंतर बघत. आधी त्याच्या हातची गाठ बघत. गोरखी वाड्यातल्या एका लग्नात उपरण्या-शालूची गाठ पाहून ते भटजींना म्हणाले, "ही बिलकुल टिकायची नाही!" वधूपिता अजून त्यांच्याशी बोलत नाही.

आमच्या कॉलेजातल्या पोथ्यांच्या खोलीचे ते राखणदार, मी तिथला संस्कृतचा मास्तर. प्रत्येक पोथी लाल रुमालात, वर दोरी. पंत आपल्या पद्धतीची गाठ मारून ठेवत. कोणी पोथी वाचून पुन्हा बांधली की गाठ त्याच्या हातची पडे. त्यावरून पंत सांगत, "ही शास्त्रीबुवांनी वाचली. भूक लागली असणार, घाईत बांधलीय."

शास्त्रीबुवा वारले आणि वाचक संपले. दरबारचा हुकूम आला : वर्षभरात एकही पोथी उघडली नसेल, तर सगळ्या किल्ल्यावरच्या कोठारात हलवा. तिथे वाळवी मोकाट. मी हळूच म्हणालो, "पंत, चार गाठी मी बदलून ठेवतो."

"मास्तर, खामखा माझ्या गाठी नासवू नका!" ते असे ओरडले की मी खोलीबाहेरच पडलो.

तपासणीला आलेल्या साहेबांनी एकेक गाठ पाहिली. सगळ्या पंतांच्याच. वरच्या फळीशी साहेब थांबले. "अरे, ही उलटी कशी? म्हणजे कोणीतरी वाचली ना?"

पंतांनी नुसतं हो म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

"नाही साहेब. ही माझ्या गोदीची. डावखुरी होती पोर. इथेच येऊन बसायची. तापात गेली, त्याच्या आधी तिनं बांधलेली. मग मी कोणाला उघडूच दिली नाही. या मास्तरांनी दिवाळीत मागितली, तर बाहेर गेलीय म्हणून सांगितलं."

"म्हणजे वाचक आहे! द्या त्यांना, आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर बैलगाडी दारात उभी आहे."

पंतांनी दोरीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी गाठ सोडली. "वाचा."

साहेब समाधानाने गेले. मी पानं उलटत होतो, पण अक्षर दिसत नव्हतं. शेवटी रुमाल गुंडाळून डाव्या हाताने गाठ मारायची खटपट केली.

पंतांनी ती निरखली. "छे! गोदी अशी नाही बांधायची," ते म्हणाले, आणि माझा डावा हात धरून मला शिकवायला बसले.