गजाला नवं तेल

व्हायोलिन वाजवण्यात कठीण असं काही नाही, माझं ऐका! डावा हात तारांवर, उजव्या हातात गज. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात, त्यांना राळ चोळायची. राळेची पांढरी भुकटी तारेला धरते, तार थरथरते, आवाज निघतो. राळ नाही तर आवाज नाही! एवढं कळलं की व्हायोलिन काय, व्हिओला काय, चेलो काय आणि माणसापेक्षा उंच डबल बेस काय, सगळी एकाच आईची लेकरं.

हे माझं अख्ख्या गावाला सांगून झालं होतं. फक्त सासूबाईंना सांगायचं राहिलं.

सासूबाई झकिया अस्सल स्फाक्सच्या, म्हणजे ऑलिव्हच्या मुलखातल्या. घरची ऑलिव्हची झाडं, त्यामुळे कान दुखला तर तेल, दार कुरकुरलं तर तेल, जावई खोकला तरी तेलच!

त्या संध्याकाळी शहरातल्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. दोन वर्षं मी शेवटच्या रांगेत उमेदवारी करत होतो. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या उस्ताद तिजानींनी बजावलं होतं, "मुंजी, आज नीट वाजवलंस तर जागा कायम. नाहीतर घरी बस!" म्हणून वाद्य तयार ठेवलं आणि दुपारी कुसकुस हाणून जरा आडवा झालो. उठतो तो सासूबाई समोर उभ्या.

"काय हो जावईबापू, केवढी धूळ बसली होती गजावर! चारचौघांत असा नेणार होतात? पुसून लख्ख केलाय."

"क... कशानं?"

"यंदाच्या नव्या तेलानं! बाजारचं नाही हं!"

धूळ कसली, ती राळ होती! गजाचे केस नुसते चकाकत होते. बायको सिहेम कानाशी लागली, "आईला एक शब्द बोलायचा नाही. किती मायेनं केलंय!"

कुणीतरी जादा गज देईल या आशेवर हॉल गाठला. कुणाकडेच नव्हता! मला रडू फुटायचंच बाकी होतं. माझ्या शेजारी वाजवणारा नौफल मोठा दयाळू.

"अरे, रडतोस काय? ही घे माझी राळ. घास भरपूर!"

मी घासली. माझ्या गजाचं तेल त्याच्या राळेच्या वडीला लागलं. मग त्यानं तीच वडी आपल्या गजावर घासली.

उस्तादांनी हात उचलला. लोण्यातून सुरी फिरावी तसा माझा गज तारांवरून फिरला. आवाज शून्य! नौफलचाही शून्य!

"मुंजी, काय केलंस रे मेल्या?" तो दातओठ खात कुजबुजला.

"हात हलवत राहा!"

अख्खा कार्यक्रम आम्ही दोघांनी नुसते हात हलवले. प्रेक्षकांत पुढच्या रांगेत सासूबाई शेजारणीला बोट करून मला दाखवत होत्या. धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं.

शेवटी टाळ्या पडल्या आणि उस्ताद तिजानी तडक आमच्याकडेच आले. मी मनातल्या मनात जागेवर पाणी सोडलं. बघतो तर त्यांचे डोळे भरलेले!

"मुंजी! नौफल! दोन वर्षं या रांगेतून माझ्या कानाला काहीतरी टोचत होतं. आज पहिल्यांदा सगळी व्हायोलिनं एका सुरात लागली! मुंजी, तुझी जागा कायम. पण यापुढे दोघांनी असंच वाजवायचं. अगदी असंच!"

घरी आल्यावर सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. "सगळ्यांत तुमचाच आवाज कसा खणखणीत आला!"

तेव्हापासून दर कार्यक्रमाच्या दुपारी त्या तेलाची बाटली घेऊन येतात आणि मी गुमान गज पुढे करतो. नौफलही हल्ली त्याचा गज आदल्या दिवशी आमच्याकडे आणून ठेवतो.