आप्पांचा परदेशाचा सराव

आमच्या शेजारच्या महालिंगप्पांनी परदेशी जायची तयारी म्हणून अख्खा मे महिना घरात बूट घालून काढला. काळे चामड्याचे बूट, आत लोकरीचे मोजे, वर धोतर. बाहेर लातूरचं ऊन पत्रे तापवत असायचं आणि आप्पा माजघरात खाड खाड चालत असायचे. सकाळी अंघोळीनंतर गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन ते पूजा करत, तेवढा वेळ बूट उंबऱ्याबाहेर. पूजा संपली की पुन्हा मोजे, पुन्हा बूट.

“तिकडं थंडी लई असती, बाई,” ते मला सांगत. “पायाला आत्तापासून वळण लावलेलं बरं.”

तिकडं म्हणजे काठमांडूला. पुढच्या महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या दारात जोडीनं उभं राहायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं.

रेवा, अर्णव, तुम्ही दोघं नातवंडं दोन तासांत बॅग भरून विमानात बसता, म्हणून तुमच्यासाठी हे क्रमाने लिहून ठेवते. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. आप्पांचं गोलाईत, लातूरच्या गोल बाजारपेठेत, बारदान्याचं दुकान होतं, म्हणजे रिकामी पोती, सुतळी आणि दोर. पावसाने दोन वर्षं पाठ फिरवली होती. शेतात पीक नाही, म्हणून धान्याच्या मोंढ्यात माल नाही, म्हणून आप्पांच्या पोत्यांना गिऱ्हाईक नाही. दुकानात बसून माणूस करणार काय? आप्पा परदेशाची तयारी करत.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता, “कागद पायजे.” कुणाकडे बारसं असो, कुणाचं भांडण असो, आप्पा मध्ये पडून विचारणार, “कागद हाय का?” कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी घडलेलीच नसायची. त्यामुळे लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळं गाव पेढे वाटत होतं आणि आप्पा तांबडी शाई घेऊन दुकानात बसले होते. घरातल्या झाडून साऱ्या कागदांवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ त्यांनी खोडलं आणि वर ‘जिल्हा लातूर’ लिहिलं. स्वतःच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा.

“आप्पा, लग्न तर जुन्या जिल्ह्यात झालं होतं,” मी म्हटलं.

“पर बायको तर आता नव्यात हाय न्हवं?” आप्पा म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी खादरभाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. आप्पांनी त्यांच्याकडे दोन गरम कोट टाकले, एक स्वतःला आणि एक आक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला. माप देताना आप्पा बुटांसकट उभे, कपाळावरून घामाच्या धारा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं ते दिवस. खादरभाई तोंडातली टाचणी काढून म्हणाले, “आप्पा, गावात पाण्याचा थेंब न्हाई आन तुमी फुकट घाम गाळून राहिले. जरा तरी रहम करा!”

“तुमी बटनं नीट लावा,” आप्पा म्हणाले. “परदेशात बटन तुटलं तर खादरभाई कुठून आणू?”

नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, हे मी आप्पांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यात्रेची बस काढणाऱ्याने सांगितलं, पोस्टमास्तरांनी सांगितलं. आप्पांना तो अपमान वाटला.

“कागद न लागणारा परदेश कसला, बाई? मग चाकूरला जाऊन येतो की!”

शेवटी पासपोर्टाचे दोन अर्ज आले. आक्कांचा अर्ज मी भरला. कार्यालयांच्या छापील याद्या लवकर बदलत नाहीत हे मला शाळेतल्या अनुभवाने माहीत होतं, म्हणून जिल्ह्याच्या रकान्यात मी जुनं नाव लिहून कंसात नवं टाकलं. आप्पांनी स्वतःचा अर्ज माझ्या हातून ओढून घेतला. एकच नाव, ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: लातूर. मी पुष्कळ समजावलं. ते ऐकतात कुठले!

अर्ज गेल्यावर त्यांची इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. “तिकडे हिंदी चालते, आप्पा,” मी म्हणाले. “हिंदी तर उदगीरलाबी चालती,” असं म्हणून त्यांनी वही उघडली. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. ‘रांग कुठे आहे?’, ‘आमची बस कोणती?’, ‘माझी पत्नी दिसत नाही,’ असली कामाची वाक्यं मी सांगायची आणि आप्पांनी ती मराठी अक्षरांत उतरून घ्यायची. पाठांतर पक्कं. फक्त आवाज असा की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, यांची पत्नी आत्ताच हरवली.

पंधरा-वीस दिवसांनी मात्र ते भलतीच वाक्यं मागायला लागले.

“‘जेवलीस का, बाई?’ हे कसं म्हणायचं?”

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

“‘दमली असशील, बस जरा.’ हे?”

तेही सांगितलं.

“आन ‘तुझी आई बरी हाय का?’”

“आप्पा, शिवरात्रीच्या गर्दीत हे तुम्ही कोणाला विचारणार आहात?”

आप्पांनी पेन्सिलीचं टोक नखाने साफ केलं. “असतंय कुणीतरी. वहीत असू द्या.”

शिवरात्र तीन आठवड्यांवर आली आणि आक्कांचा पासपोर्ट टपालाने आला. दुसऱ्या दिवशी आप्पांचा अर्ज परत आला. सोबत छापील चिठ्ठी: या नावाचा जिल्हा यादीत नाही, दुरुस्ती करून पुन्हा पाठवा.

आप्पा ती चिठ्ठी हातात धरून आमच्या ओट्यावर येऊन बसले. ज्या नावासाठी सारे कागद खोडले, तेच नाव आडवं आलं होतं. मला वाटलं, रागावतील, अर्ज घेऊन कचेरीवर जातील. ते नुसतं एवढंच म्हणाले, “मग न्हाई जात. बिगर कागदाचं जाऊन काय फायदा?” आणि उठून घरी गेले. मे महिन्यानंतर त्या दिवशी प्रथमच मला त्यांच्या पायात चपला दिसल्या.

त्याच संध्याकाळी आक्का आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आक्का कमी बोलणाऱ्या. माझ्याकडचं तांदूळ धुतलेलं पाणी त्या कढीलिंबाला घालायला नेत, तेवढंच आमचं रोजचं बोलणं. त्या दिवशी पातेलं बाजूला ठेवून खाली बसल्या.

“बाई, त्यांना कसंबी करून पाठवा.”

“आक्का, पशुपतिनाथ पुढच्या वर्षीही आहे.”

“देव तर त्यांच्या गळ्यात हाय. देवासाठी कामून जातील तिकडं?” त्या म्हणाल्या. “ह्यो समदा सिद्धूसाठीचा सराव हाय.”

सिद्धू त्यांचा एकुलता मुलगा. इंग्लंडला शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. लग्न झाल्यावर पत्राने कळवलं. आप्पांनी उत्तर पाठवलं दोन शब्दांचं: ‘कागद मिळाला.’ त्यानंतर तीन वर्षं तिकडून पत्र नाही, इकडूनही नाही. गल्लीत त्याचं नाव कुणी काढत नसे. आप्पांनी मुलाला मनातून काढून टाकलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

“उद्या पोरानं बोलावलं तर अडायला नको, म्हणून पासपोर्ट पायजे,” आक्का सांगत होत्या. “सुनेला मराठी येत न्हाई, म्हणून तुमची शिकवणी. विमानतळावर लई गर्दी असती म्हणं, म्हणून शिवरात्रच धरली. तिथं माझा हात सुटला न्हाई तर कुठंच सुटणार न्हाई, असं त्यांचं म्हणणं. मला सांगत न्हाईत. पर झोपेत इंग्रजी बोलून राहिलेत.”

“सिद्धूने बोलावलंय का?”

“न्हाई.” आक्का उठल्या, पातेलं उचललं. “पर गेले न्हाई तर हे आता कुठंच जाणार न्हाईत. मला ठावं हाय ना त्यांचं.”

मी दुसऱ्या दिवसापासून रोज जाऊन आप्पांना सगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. ते मान हलवायचे आणि सुतळीचं बंडल गुंडाळायचे. बस निघायचा दिवस उजाडला तरी ट्रंक तशीच कोपऱ्यात. मी सकाळी निरोप द्यावा की समजूत घालावी, या विचारात त्यांच्या दारात उभी राहिले, तर आप्पा ट्रंकेवर बसलेले आणि आक्का आतून बाहेर येत होत्या. इरकल लुगडं, वर खादरभाईंचा गरम कोट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, हातात पासपोर्ट.

“मी चालले,” आक्का म्हणाल्या.

“कुठं?”

“काठमांडूला. माझा कागद आलाय.”

“एकली जाशील? अगं, उदगीरला एकली गेली न्हाईस कवा...”

“साकु!” आक्का म्हणाल्या. राग आला की त्यांच्या तोंडी उदगीरकडच्या माहेरचं कानडी यायचं. पुरे झालं, असा त्याचा अर्थ. “तुमाला यायचं असंल तर या. माझी ट्रंक उचलायला कुणीतरी लागंलच.”

“म्हंजे मी हमाल?”

“हमालाला कागद लागत न्हाई.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातून बाजूला झाले. आप्पा उठले, खाटेखालून बूट ओढले आणि पायात घालू लागले. मोजे विसरले होते. आक्कांनी आणून दिले.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले. आक्कांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे पाणी. “तिकडं दगडी तोटीच्या तोंडातून रातंदिस पाणी वाहून राहिलंय, बाई. बंद करायची चावीच न्हाई. मी तीन ठिकाणी हुडकली.” आप्पांना सीमेवरच्या शिपायाचा राग आला होता. आक्कांचा पासपोर्ट त्यांनी त्याच्यासमोर दोनदा उघडून धरला, शिक्का मार म्हणून सांगितलं, आणि तो शिक्का न मारताच हसून म्हणाला, “जाइये, माताजी.”

“आणि गर्दी?” मी विचारलं.

मग आप्पा म्हणाले, “हात सुटला.”

झालं होतं असं. देवळाबाहेर मोठा लोंढा आला आणि दोघं दोन बाजूंना गेले. आप्पांनी बसमध्येच नियम घालून दिला होता: चुकामूक झाली तर हिंडायचं नाही, आहे तिथेच उभं राहायचं, दुसरा शोधत येईल. आक्का एका खांबापाशी उभ्या राहिल्या. पलीकडे शंभर पावलांवर आप्पाही उभे राहिले. दोघांनी नियम पाळला. दुपार उलटली, तरी कुणीच कुणाला शोधत येईना. अखेर आक्कांनीच नियम मोडला आणि शोधत निघाल्या. आप्पा सापडले तेव्हा पायाला गोळे येऊन भिंतीला टेकलेले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला इंग्रजीत सांगत होते की माझी पत्नी दिसत नाही.

मी हसले. आक्काही हसल्या. आप्पा हसले नाहीत.

“तिथं उभ्या उभ्या लई इचार आला, बाई,” ते म्हणाले. “दोघंबी थांबून राहिले तर भेट व्हायची कशी? एकानं तरी हालाया पायजे.”

आक्का तांदळाच्या पाण्याचं पातेलं घेऊन घरी गेल्या. आप्पांनी कोटाच्या खिशातून परदेशी टपालाचं निळं पत्र काढलं. आतला मजकूर त्यांनी स्वतःच लिहून आणला होता, काठोकाठ, आणि पत्र चिकटवूनही टाकलं होतं.

“वरचा पत्ता तेवढा तुमच्या हातानं इंग्रजीत घाला.”

मी पेन उघडलं आणि सिद्धूचं जुनं पाकीट मागितलं, बघून लिहायला.

“पाकीट कशाला?” आप्पा म्हणाले, आणि समोरच्या भिंतीकडे बघत सांगू लागले. घराचा आकडा, रस्ता, गाव, परगणा. मी लिहीत गेले. शेवटची टपालाची अक्षरं आणि आकडे त्यांनी सावकाश, दोनदा सांगितले, माझ्या हातून चूक होऊ नये म्हणून.