दिसत नाय, पन शिरतंय

आमच्या शेजारच्या नामदेवदादाच्या परसात एक वाळलेलं ऐनाचं झाड होतं आणि त्याला पानांच्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. म्हसा गावाच्या रस्त्यावर दिसेल ती पिशवी दादा उचलून आणायचा आणि फांदीला बांधायचा. तिन्हीसांजेला वारा नसतानाही त्या हळूच फुगत, हळूच बसत. झाड श्वास घेतंय असं वाटे. बाया तिकडून जाताना पदर कानावर ओढून घ्यायच्या.

मी एकदा विचारलं, "दादा, पुरून का टाकत नाय?"

"पुरली तर पान्यात उतरते, जाळली तर हवेत. टांगली की नजरेसमोर तरी राहते." मग आवाज खाली आणून, "दिसत नाय रे, पन शिरतंय."

हे त्याचं पालुपद.

मुरबाडला कारखाने आले तेव्हा दादा प्लास्टिकचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात लागला. अंगाला कायम वितळलेल्या प्लास्टिकचा वास. बरीच वर्षं काढली आणि एक दिवस अचानक घरी बसला. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर त्याच्या घरात प्लास्टिकची बादलीसुद्धा राहिली नाही. ओटीवर मात्र सुकवलेल्या आवळ्यांच्या माळा लटकायच्या. वाऱ्यावर हाडं वाजावीत तशा वाजायच्या.

लग्न ठरलेल्या पोरांना तर त्याची धास्तीच. आपण टपरीवरून पिशवीत बांधून आणलेला गरम चहा ग्लासात ओततोय, आणि मागून, पावलाचा आवाज न होता, कुणीतरी तळहातावर थंडगार आवळा ठेवतं. वळून बघावं तर दादा.

"गरम चहा पिशवीत नको. पुरुषाचं बीज मरतंय. आवळा खा. त्यात अँटी-आक्शिडन असतंय."

"कोन आंटी?" एकानं विचारलं होतं. दादा हसला नाही, नुसता बघत राहिला. त्या पोरानं आवळा मुकाट खाल्ला. मीही खायचो.

माझ्या हळदीला दादा आणि पार्वतीवहिनी आले. वहिनीला मूल नव्हतं. नवस, देवऋषी, उपास, लोकांनी तिला सगळं करायला लावलं होतं. तिनं हळदीच्या वाटीकडे हात नेला, तोच माझ्या आत्यानं तिचं मनगट धरलं.

"तू मागं राहा गो. वांझेचा हात नको पोराला."

लग्नाचे धवळे गाणाऱ्या बाईचा सूर तुटला. वहिनी सवयीनं मागे सरली.

आणि जन्मभर कुजबुजणारा दादा मोठ्यानं बोलला, "तिच्यात काय बी नाय. दोष माज्यात हाय. कल्यानच्या डाक्टरनं सांगलं, तवाच कारखाना सोडला."

"प्लास्टिकनं झालं?" बाबांनी विचारलं.

"असंल, नसंल बी, म्हनला. आवळ्यानं फरक पडंल, पन खात्री नाय." दादा मांडवाच्या खांबाकडे वळला. "माजं तर गेलं. या पोरांचं जाऊ नये."

वहिनी कळवळून म्हणाली, "कशाला बोललात वो? मी गप होते ना."

तिला सगळं ठाऊक होतं, आमच्यापैकी कुणालाच नव्हतं.

आई उठली. तिनं हळदीची वाटी वहिनीच्या हातात दिली. वहिनीनं माझ्या गालांना हळद लावली. मग वाटी घेऊनच ती मांडवाच्या खांबाशी गेली. तिथं दादा तोंड फिरवून उभा होता. सगळ्यांदेखत तिनं त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि उरलेली हळद त्याच्या ओल्या गालांना लावली.