भारीतले गुटके

इंद्रजीतच्या नशिबात सुख नव्हतंच, म्हणून डॉक्टरांनी त्याला सायकल चालवायला सांगितली. पुतण्या शिवराज नोकरीसाठी पुण्याला जाताना आपली सायकल काकाच्या गळ्यात मारून गेला. या सायकलीला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, आणि पायडलबरोबर पायही. हर्सूलच्या उतारावर सेहेचाळीस वर्षांचे गुडघे शिलाई मशीनसारखे चालू लागले, तेव्हा त्याने एकुलता एक ब्रेक दाबला. ब्रेक नुसता किंचाळला. शेवटी समोरच्या म्हशीनेच दया येऊन वाट सोडली.

तो तडक कडूबा मिस्त्रीच्या दुकानात गेला.

“गुटके पार झिजलेत साहेब,” ब्रेकची रबरं चिमटीत धरून कडूबा म्हणाला. “भारीतले मागवू का?”

“मागव. सायकल राहू दे इथंच. आणि सीटखालच्या पिशवीला हात लावू नको. कागदपत्रं आहेत.”

“व्हय साहेब.”

दोन वर्षांपूर्वी गुटख्यापायी इंद्रजीतचं तोंड उघडेनासं झालं होतं. तेव्हा बायको, प्रेरणा, माहेरी करमाडला निघून गेली. त्याने देवासमोर शपथ घेतल्यावर ती परतली, पण बजावून: पुन्हा पुडी दिसली तर कायमची जाईन. दोघांचंच घर. ती नसली की त्याला संध्याकाळी दिवा लावायचंही सुचत नसे.

तिसऱ्या दिवशी इंद्रजीत आंघोळीला गेला असताना फोन वाजला. प्रेरणाने घेतला.

“वहिनी, मी कडूबा. साहेबांचे गुटके आले म्हणावं.”

“काय आले?”

“गुटके! भारीतले सांगितले होते, पुण्याहून मागवले. येऊ द्या त्यांना, लगेच लावून देतो.”

“तुम्ही लावून देता?”

“मंग! त्यांना कुठं जमतंय? दोनच हायेत, पण वर्षभर बघायला नको.”

इंद्रजीत डोकं पुसत बाहेर आला, तेव्हा पलंगावर पिशवी होती आणि पिशवीत साड्या भरणं चाललं होतं.

“कडूबाचा फोन होता,” प्रेरणा म्हणाली. “गुटके आलेत.”

“आले? वा!”

हे ‘वा’ त्याला नडलं.

“अगं, ब्रेकचे! ब्रेकला ती रबरं असतात ना...”

“आता त्याला रबर म्हणायला लागलात?”

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि नेमकं खरं बोलतानाच त्याची जीभ अडखळत होती. त्याने कडूबाला फोन लावून स्पीकर चालू केला.

“कडूबा, कसले गुटके ते वहिनींना सांग.”

“ब्रेकचे की! वहिनी, तुमाला काय, खायचा वाटला?” कडूबा खो खो हसला.

प्रेरणाही हसली. किती तरी दिवसांनी हसली. तिने वरची साडी पिशवीतून बाहेर काढली. इंद्रजीतला अगदी भरून आलं.

“नाय वहिनी,” कडूबा गंभीर होऊन म्हणाला, “मी माळकरी माणूस. खायच्या गुटख्याला शिवत नाय. परवा साहेबांची सीटखालची पिशवी सुटून पडली, तर त्यातल्या पुड्यासुदिक मी बोटानं नाय, पकडीनं उचलून ठिवल्या.”

प्रेरणाने साडीची घडी नीट केली, ती परत पिशवीत ठेवली आणि चेन ओढली.

“हॅलो? वहिनी? मंग लावू ना गुटके?”

“लावा,” प्रेरणा म्हणाली. “चांगले घट्ट लावा. जालना रोडला ट्रकांची लई गर्दी असते, आणि यांना करमाडपर्यंत यायचंय.”