निजामपुऱ्याचं पनीर

हे नक्की कोणत्या साली घडलं, याची मला खात्री नाही. किडन्या थकल्यामुळे माझ्या बायकोचं, अहल्येचं, डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी, की पुढच्या? (रसायनशास्त्रात डॉक्टरेट असलेल्या माणसाने असं चाचरू नये, पण डॉक्टरेटने काय होतं ते दिसेलच.)

डायलिसिसआधी डॉक्टर म्हणाले होते, प्रथिनं बेताने. मी ते इतकं मनावर घेतलं, की आमच्या वरणात डाळ शोधावी लागे. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र तेच डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, फार उतरलंय, हे कुपोषण आहे. प्रथिनं वाढवा, नाहीतर या अंथरूण धरतील. प्राध्यापकाच्या घरात कुपोषण! उपाय काय, तर रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग.

अहल्या शास्त्र्यांची मुलगी. माझी बायको असली म्हणून तिला अंडं खा म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून एक लहानसा निर्णय घेतला: सांगायचंच नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून आमच्या वाडीतून लांब लहरीपुऱ्याच्या बाजारात जायचं, अंडी आणायची, अहल्या दुपारी झोपली की उदबत्ती लावून उकडायची. (पिवळं गल्लीतल्या मांजरीला. ती वाघासारखी दिसू लागली.) पांढऱ्याचे तुकडे जिऱ्याच्या फोडणीत परतायचे आणि म्हणायचं, निजामपुऱ्याच्या डेअरीचं पनीर आहे.

अहल्येला सगळं अन्न पत्र्यासारखं लागे. हे मात्र ती खाऊ लागली. इतकंच नव्हे, वरच्या मजल्यावरच्या लीलाबेनपाशी तिने त्याची तारीफ केली. लीलाबेन कांदासुद्धा न खाणाऱ्या वैष्णव. त्यांना ठाकोरजींच्या नैवेद्यासाठी तेच पनीर हवं झालं. मी म्हणालो, डेअरी बंद आहे. मग म्हणालो, मालक डाकोरच्या यात्रेला गेलाय. शेवटी मला मालकाला मारावं लागलं.

त्या मालकासाठी हळहळायला लीलाबेन आल्या, तेव्हा अहल्येसमोर ताजी वाटी होती. ती पाणी प्यायला वळली आणि लीलाबेननी "जराक चाखूं तो खरी" म्हणत तुकडा उचलला.

"लीलाबेन, ते अंडं आहे," मी ओरडलो.

त्यांनी तुकडा ठेवला, हात दोनदा धुतले आणि जिना चढून गेल्या. मला वाटलं, आता अहल्याही वाटी सारणार, अल्ब्युमिन गेलं. ती शांतपणे खात होती.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही घाबरून आणणंच बंद केलं असतं."

"पण तुला कळलं कसं?"

"रसायनशास्त्र तुमचं, नाक माझं."

अल्ब्युमिन चढलं. लीलाबेन महिनाभर जिन्यात तोंड फिरवून जात. पण शास्त्र्यांच्या मुलीला अंड्याची ही ओळख कुठून, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तिची हॉस्टेलमधली मैत्रीण मथुराबाई आली होती, तिने सांगितलं. मी पुन्हा विचारून ते पक्कं करून घेतलं. हॉस्टेलमध्ये अहल्येला सगळ्या 'डबल ऑमलेट' म्हणत. लग्न ठरल्यावर तिने अंडं सोडलं. का, असं मैत्रिणींनी विचारलं, तर म्हणाली होती, "मुलगा फार शिकलेला आहे गं. त्याला झेपायचं नाही."