तारमास्तरांनी लिहिलेलं पहिलं कार्ड

माणसाचं सुख असो की दुःख, ते दहा शब्दांत बसवायचं काम मी सव्वीस वर्षं केलं. आमच्या लाइनीवर माझ्याइतकं चोख ते दुसऱ्या कुणी केलं नसेल, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. रेल्वेच्या तारखात्यात साधा तारवाला म्हणून लागलो आणि हेड होऊन निघालो. आमच्या बौद्धवस्तीतला खुर्चीवर बसून नोकरी करणारा पहिला माणूस मीच.

चौऱ्याहत्तर साली उजवा कान गेला, डावाही मंद झाला. तारेचं काम म्हणजे कानाचंच काम. डॉक्टरांनी शेरा मारला, साहेबांनी हार घातला आणि एक्कावन्नाव्या वर्षी मी चुडाव्याला घरी येऊन बसलो.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात मी चुलीजवळचे डबे उंचीप्रमाणे लावले. तिसऱ्या महिन्यात बायको, कुसुम, शांतपणे म्हणाली, "तुमी बाहेर कायतरी काम बघा. न्हाई तर मीच बाहेर पडते."

मी हसलो, पण बोलणं लागलं. पहाटे पाचला डोळे उघडायचे, अंघोळ व्हायची, कपडे व्हायचे आणि मग ध्यानात यायचं की आपली वाट कुणीच बघत नाही.

दिवाळी झाली. निम्मी वस्ती ऊसतोडीला नगरकडं गेली. मागं राहिली म्हातारी माणसं आणि शेरडं. लेकरांना कळवायचं म्हटलं तर लिहिता येणारा कुणी नाही. मी ओट्यावर टेबल टाकलं आणि जाहीर केलं की, सगळ्यांची पत्रं मी लिहीन.

पहिली आली धुरपदामावशी. तिचा एकुलता एक मुलगा मुंजाजी आणि सून गीता तोडीवर होते. निघताना मावशीला खोकल्यानं घेरलं होतं, म्हणून त्यांचा पाय निघत नव्हता. आता ती बरी झाली होती. ती तासभर बोलली. अडुळशाचा काढा कुणी दिला, शेळीला दोन करडं झाली, शेजारीण कशी वागते, बोरीला किती बोरं लागली. शेवटी म्हणाली, "खोकला थांबला म्हनावं. रातभर शांत झोपायलेय. माझी चिंता करू नका."

माझा हात शिवशिवला. एवढ्या पाल्हाळातून मजकूर काढणं हीच तर माझी विद्या. वरचं जयभीम, नमस्कार, विनंती विशेष, सगळं गाळलं. बोरं आणि शेजारीण गाळली. ‘झोपायलेय’च्या जागी सुटसुटीत ‘झोपली’ घातलं. कार्ड तयार झालं :

"आईचा खोकला थांबला. शांत झोपली. चिंता नको. काम उरकून या."

शाई वाळायला कार्ड ओट्यावर ठेवलं, तेवढ्यात मावशीच्या शेळीनं त्याचा एक कोपरा खाल्ला. अक्षराला धक्का नव्हता. कशाला दुसरं कार्ड नासायचं, म्हणून तेच पेटीत टाकलं.

कोपरा फाटलेलं, वर नमस्कार नसलेलं कार्ड मरणाचं असतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सव्वीस वर्षं तारा मारणाऱ्या मला ते सुचलं नाही.

नवव्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं दहा-बारा माणसं चुडाव्याला उतरली आणि वस्तीकडं निघाली. मी ओट्यावर होतो. तोंडं उघडी दिसत होती, पण माझ्या कानाला रडणं काही पोचलं नाही. मला वाटलं, तोड लवकर उरकली, गाणी म्हणत येताहेत. मी हात वर करून पुढं गेलो आणि गीताला म्हणालो, "या, या. लय आनंद झाला."

 ती मटकन खाली बसली.

तिकडं धुरपदामावशी सरपणाचा भारा घेऊन पांदीनं येत होती. तिनं लांबून पाहिलं. टोळी रडत आलीय, सून मातीत बसलीय आणि पोरगा कुठं दिसत नाही. मुंजाजी मागं राहिला होता. पाय उचलत नव्हते म्हणून. मावशीनं भारा टाकला आणि ‘माझा मुंजा’ म्हणून ऊर बडवायला लागली. तिला उभी बघून बायकांची किंकाळी फुटली. ती मात्र मला ऐकू आली.

मायलेकरं समोरासमोर आली तेव्हा दोघंही एकमेकांसाठी रडत होती. मुंजाजीनं आईचे हात, खांदे, तोंड चाचपून बघितलं. ती त्याला एकच विचारत राहिली, "तू हायेस ना रे?"

मी बाजूला उभा होतो. उभ्या जन्मात शेकडो मरणं मी बोटांनी पुढं पाठवली होती. एकही कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मुंजाजी शिव्या देईल, असं वाटलं. देता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून घामानं मऊ झालेलं ते कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "मास्तर, माय इतकंच बोलली व्हती का?"

मी मान खाली घालून म्हणालो, "नाही रे. तासभर बोलली होती."

"मग ते लिवा की. आमाला तेच पायजे असतंय."

दुसऱ्या दिवशी टोळी परत गेली. मी पोस्टातून अंतर्देशीय आणलं आणि स्वतः मावशीच्या दारात जाऊन बसलो, डावा कान तिच्याकडं करून. ती बोलली तसं लिहिलं. बोरं लिहिली, शेजारीण लिहिली. तिचा नवरा कसा गेला आणि एकटीनं मुंजाजीला कसं वाढवलं, हे ती कधी कुणाला बोलली नव्हती. तेही लिहिलं. कागद पुरेना, तेव्हा कडेनं आडवं लिहिलं. तीन तास गेले. उठताना माझी पाठ धरली होती, पण किती तरी दिवसांनी जेवण गोड लागणार होतं.

मावशीनं आधी सगळं वाचून दाखवायला लावलं. ऐकताना ती हलली नाही. झाल्यावर पदरानं डोळे पुसले, माझ्या हातातून अंतर्देशीय घेतलं, जपून घडी केली आणि पेटीत लुगड्याखाली ठेवून दिलं.

मी म्हणालो, "मावशी, हे टाकायचंय ना मुंजाजीला?"

"हे माझं हाय," ती म्हणाली. "त्याला दुसरं लिवा."

मी पेनात शाई भरली.